ओर्देनादोर, माउस आणि नको तो बटाटा

वाकडी_वाट: काल इथे कुणीतरी लिहिलं होतं की इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये भाषांतर म्हणजे डोक्याला ताप नाही, १७१३ पासून भाषेवर लक्ष ठेवायला त्यांची अकादमी बसलीये, प्रत्येक इंग्रजी शब्दाला एक अस्सल स्पॅनिश शब्द ठरलेला, कॉम्प्युटरला ओर्देनादोर, माउसला रातोन, आणि आपण बसलोय कॉम्प्युटर कॉम्प्युटर करत. वाचून चहा थंड झाला माझा. अहो, मी सहा वर्षं मेक्सिकोच्या क्लायंटचं काम करतोय, तिथे ओर्देनादोर म्हणालात तर कळेल त्यांना, पण तुम्ही स्पेनच्या जुन्या पिक्चरमधून आलात असं वाटेल. तिथे कोम्पुतादोरा. कोलंबिया, चिलीत कोम्पुतादोर. आणि माउसला सरळ माउस. कुठला एक शब्द?

सालामांका_रिटर्न: ती पोस्ट माझीच. मी स्पेनमध्ये शिकलेय, तिथे खरंच रातोन म्हणतात, रातोन म्हणजे उंदीर, किती सुंदर आहे ते! आपल्याकडे कुणी 'उंदीर हलव' म्हणेल का? त्यांना भाषेचा अभिमान आहे एवढंच म्हणायचं होतं.

वाकडी_वाट: अभिमान? ओर्देनादोर हा फ्रेंच ऑर्दिनातरवरून उचललाय. इंग्रजीला दार बंद आणि फ्रेंचला मागचं दार उघडं. आणि त्याच स्पेनमध्ये गाडी लावायच्या जागेला काय म्हणतात? पार्किंग!

तिखट_मिरची: फुटबॉलचं विसरलात. पाय आणि चेंडू जोडून बालोम्पिए शब्द पाडला होता, आज तो सेव्हियाच्या रेआल बेतिस बालोम्पिएसारख्या क्लबांच्या नावात तेवढा शिल्लक, बाकी सगळे फुत्बोल. लोकांना हवा तो शब्द लोक घेतात. मला तर खोनरोन आवडतो, बेसबॉलचा होम रन, इतका चावलाय की इंग्रजांना ओळखू येणार नाही. आपण असं का करत नाही? आपण इंग्रजी शब्द अगदी इस्त्री करून वापरतो.

मडगावकर: आपण करतो की. बटाटा बघा.

सालामांका_रिटर्न: बटाटा तर स्पॅनिशच ना, पताता.

मडगावकर: झालं. नाही बाई, पोर्तुगीज आहे, बताता. पाव बघा, पोर्तुगीज पांववरून, स्पॅनिशमध्ये पान. चावी बघा, पोर्तुगीज शाव्ह, स्पॅनिशमध्ये याव्हे. साडेचारशे वर्षं पोर्तुगीज आमच्या डोक्यावर बसले आणि क्रेडिट स्पेनला?

वाकडी_वाट: पगार मात्र दोन्हीकडे पगारच हं.

मडगावकर: वेळेवर मिळतो का ते विचारा.

तिखट_मिरची: पण बताता मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द, अर्थ रताळं. पेरूकडे बटाट्याला केचुआ भाषेत पापा. स्पेनवाल्यांनी दोन्हीची खिचडी करून पताता केला आणि इंग्रजांचा पोटॅटो स्पॅनिशवरूनच गेला. म्हणजे पोटॅटोचं स्पॅनिश भाषांतर करणं म्हणजे शेजाऱ्याने नेलेली वाटी परत आणणं. लॅटिन अमेरिकेत अजून पापाच म्हणतात.

सालामांका_रिटर्न: आणि पापा म्हणजे पोपसुद्धा!

मडगावकर: एल पापा म्हणजे पोप, ला पापा म्हणजे बटाटा. लिंग बघून बोला, नाहीतर पोपला तळाल.

आठवड्याचा_बाजार: बटाटा पुरे!! मुद्दा काय होता? मी एका एजन्सीकडे (नाव नको) औषधाच्या कागदाचं काम केलं. इंग्रजीत कॉन्स्टिपेशन, म्हणजे बद्धकोष्ठ. माझ्या आधीच्या माणसाने कोन्स्तिपादो ठोकलेलं, आणि कागद चाललेला माद्रिदला. तिथे कोन्स्तिपादो म्हणजे सर्दी झालेला! मी एस्त्रेन्यिदो केलं, तर मॅनेजर म्हणतो शब्द इतका सारखा आहे, बदलला कशाला. दोन तास वाद, पैसे अर्धे. अकादमी काय करणार यात?

वाकडी_वाट: माझंही ऐका. पुस्तक स्पेनचं, शिकलो 'कोखेर' म्हणजे घेणं, पकडणं, बस कोखेर करा. मेक्सिकोच्या ॲपमध्ये तेच लिहिलं. क्लायंटने कॉलवर वाचून दाखवलं आणि पलीकडची अख्खी टीम हसत सुटली. तिथे त्याचा अर्थ इथे लिहिता येत नाही. बससोबत तर नाहीच नाही.

सालामांका_रिटर्न: बरं बाबा, जिंकलात. प्रत्येक शब्दाला एक शब्द नाही, प्रत्येक शब्दाला वीस देश आहेत. खूश? पण रातोन सुंदरच आहे, तो मी सोडणार नाही.

वाकडी_वाट: ठेवा, उंदीर तुमचा. मान्य करतो, मेक्सिकोतलं माउस ऐकून मलाही कधीकधी वाटतं, हे काय स्पॅनिश झालं.

तिखट_मिरची: वाकडी_वाट मान्य करतायत, स्क्रीनशॉट काढा कुणीतरी.

नवीन_विद्यार्थी: सॉरी मध्येच, परवा माझी स्पॅनिशची परीक्षा आहे. कॉम्प्युटरला नक्की काय लिहू?

आठवड्याचा_बाजार: पुस्तक कुठलं आहे?

नवीन_विद्यार्थी: स्पेनचं. पण सर अर्जेंटिनात राहून आलेत.

आठवड्याचा_बाजार: मग एक देश धर आणि शेवटच्या पानापर्यंत सोडू नकोस. वर ओर्देनादोर आणि खाली कोम्पुतादोरा असं करू नको.

नवीन_विद्यार्थी: ओके. आणि बटाट्याला?

आठवड्याचा_बाजार: भात लिही.