पार्किंगमधलं ‘सापाचं पिल्लू’

सुलभा काकू: पार्किंगमध्ये कुंड्यांमागे सापाचं पिल्लू आहे. शेपटी लालभडक. मुलांना खाली सोडू नका. फोटो टाकलाय.

पाटील (सेक्रेटरी): वॉचमनला काठी घेऊन पाठवतो.

चिन्मयी: काका, काठी राहू द्या. फोटो झूम करा, पुढे दोन इवलेसे पाय दिसतात. सापसुरळी आहे, तीही लहान. पिल्लांची शेपटी अशी लाल असते.

जोशी काका: आमच्याकडे म्हणायचे, साप परवडला पण सापसुरळी नको. नुसती चाटली तरी माणूस जातो.

चिन्मयी: काका, माझी आजीही हेच सांगायची 😄 पण सापसुरळीला विषच नाही. वाळवी, किडे खाते. उलट आपल्या लाकडी दारांसाठी बरीच.

साहिल: एवढूसे पाय मग कशाला? ओढत चालते का?

चिन्मयी: पानांच्या थरातून, भुसभुशीत मातीतून सरपटायला लांब अंग कामाला येतं, पाय मध्ये येतात. म्हणून पाल-सरड्यांच्या वेगवेगळ्या घराण्यांत पाय जाण्याचा प्रकार स्वतंत्रपणे वीसहून जास्त वेळा झालाय. साप हे त्यातलंच एक घराणं. ओडिशात चिलिका सरोवरातल्या बारकुडा बेटावर सापसुरळीची अशीच एक बिनपायाची नातेवाईक सापडली, १९१७ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ॲनंडेलनी तिचं वर्णन केलं. आणि ईशान्येकडचा ग्लास लिझर्ड, म्हणजे बिनपायाचा सरडा, बघितलात तर शंभरातले नव्व्याण्णव जण सापच म्हणतील. पण तो पापण्या मिटतो आणि त्याला कानाचं भोक असतं. सापाला दोन्ही नाही.

मंदार: पाय गेले ते दिसतं. आतून काय बदलतं?

चिन्मयी: दादा, हा खरा मजेशीर भाग. पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा स्वतःचा छोटा डीएनए असतो, ३७ जनुकं. त्यातली फक्त १३ प्रथिनं बनवतात आणि ती सगळी ऊर्जेच्याच कामाची. हा डीएनए येतो आईकडून.

सुलभा काकू: बघा, शेवटी आईचंच.

चिन्मयी: 😄 हो काकू. आता रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या गाडीच्या इंजिनात वेडावाकडा बदल झाला तर लगेच महागात पडतो. पार्किंगमध्ये धूळ खात पडलेलीला खपून जातो. तसंच धावणारे आणि सरपटणारे सरडे शेजारी ठेवून बघतात, या डीएनएत प्रथिन बदलणारे फरक किती आणि प्रथिनाला धक्का न लावणारे किती. पहिले जास्त निघाले तर दोन शक्यता. एक तर निवडीचा दाब, म्हणजे वाईट बदल गाळणारी चाळणी, सैल पडला, नाहीतर नव्या जगण्याला सोयीचे बदल निवडले गेले. आकडा दोन्हीकडे सारखाच फुगतो, म्हणून नुसता आकडा बघून ‘उत्क्रांती झाली’ म्हणणं मला पटत नाही. बदल प्रथिनाच्या कुठल्या जागी पडलाय ते बघावं लागतं.

मंदार: असं कुठे बघितलंय?

चिन्मयी: सापांत. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाला त्यांच्या मायटोकाँड्रियातल्या एका महत्त्वाच्या प्रथिनात, नेमके जिथून प्रोटॉन (ऊर्जा बनवायला लागणारे धनभारित कण) ये-जा करतात तिथेच बदल सापडले. हे नुसत्या ढिलाईने होत नाही. आणि अशा जगण्याला ऊर्जा कशी लागते ते बघायचं तर बर्मी अजगराचं खाणं आठवा. महिनोन्‌महिने उपास, मग एक मोठं जेवण, आणि दोन दिवसांत हृदय सुमारे ४० टक्के वाढतं.

जोशी काका: आमचं वजन वाढतं, हृदय नाही.

साहिल: मग पाय बनवणारं जनुक सापाकडे उरलंच नाही?

चिन्मयी: आहे की. त्याला पायांच्या जागी चालू करणारा डीएनएचा तुकडा बिघडलाय. २०१६ मध्ये उंदरात त्या तुकड्याच्या जागी अजगराचा तुकडा घातला तर पाय खुंटासारखे झाले. त्यात सापांत गळालेली डीएनएची १७ अक्षरं परत घातली, पाय नीट आले.

सुलभा काकू: उंदराला बिचाऱ्याला कशाला छळलं गं.

पाटील (सेक्रेटरी): वॉचमनला परत बोलावलंय. कुंड्यांजवळ गाडी लावणाऱ्यांनी जरा बघून काढा.