शेल्टरमधून आणलेली कुत्री टेबलाखालून बाहेरच येत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. १२ दिवसांपूर्वी शेल्टरमधून एक कुत्री दत्तक घेतली. वय साधारण ३ वर्षं, नसबंदी झालेली, रेबीजची लस दिलेली. तिथे माझ्या हाताला नाक लावून उभी राहिली, म्हणून तिलाच आणलं. घरी मात्र सारखी टेबलाखाली. आम्ही समोर असलो की खात नाही. रात्री दिवे मालवले की भांडं चाटूनपुसून साफ.

खरी अडचण पट्ट्याची आहे. पट्टा हातात घेतला की पोट जमिनीला टेकवते, शेपटी पायांत घालते, ओठ चाटत राहते, जांभया देते. या जांभया झोपेच्या नाहीत, भीतीच्या आहेत हे कळतं, म्हणून ओढत नाही. पण मग बाहेर नेणार कसं?

भेदरलेपण ओसरायला ३ दिवस, घराची सवय व्हायला ३ आठवडे आणि पूर्ण रुळायला ३ महिने असा ढोबळ हिशेब शेल्टरवाल्यांनी सांगितला होता. मी थांबायला तयार आहे. काल तिच्याकडे पाठ करून जमिनीवर वाचत बसले होते, तेव्हा हळूच येऊन तिने माझ्या कोपराचा वास घेतला आणि लगेच परत आत गेली. डोळेच भरून आले माझे.

अशी घाबरलेली कुत्री कुणी सांभाळली आहे का? पट्टा काही दिवस घरात नुसता पडू द्यावा, की गळपट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) वापरून बघावा? मुलगा ७ वर्षांचा आहे, सारखा टेबलाखाली वाकून तिला हाका मारतो. त्याला कसं समजावू? आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे न्यायचंच आहे. तिला न घाबरवता गाडीत कसं बसवू?