ऑनर्स यूएस हिस्टरी : सनावळ्या पाठ आहेत, तरी डीबीक्यूत गुण का जातात?

शब्दवेल :
मुलगी अकरावीला आहे. ऑनर्स (म्हणजे वरच्या पातळीचा वर्ग) यूएस हिस्टरी, १८७७ नंतरचा काळ. एमसीक्यू उत्तम जातात, तारखा तोंडपाठ. पण डीबीक्यूत, म्हणजे दिलेल्या ऐतिहासिक कागदांच्या आधारे लिहायच्या निबंधात, सातपैकी तीन, फार तर चार. शिक्षकांचा शेरा एकच, ‘समरी लिहितेस, आर्ग्युमेंट नाही.’ म्हणजे नेमकं करायचं काय? शिवाय वसंत सत्रात दहा पानी रिसर्च पेपर आहे. त्याचा विषय कसा निवडावा? आम्ही दोघंही भारतात शिकलो, त्यामुळे मदत करायची तर सुरुवात कुठून करावी ते कळत नाही.

जुनी_पानं :
ऑनर्सला एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) अभ्यासक्रमासारखी राष्ट्रीय परीक्षा नसते, गुण शिक्षक आपल्या पद्धतीने देतात. पण सात गुण आहेत म्हणजे बहुतेक एपीचीच रुब्रिक, म्हणजे गुणवाटपाचा तक्ता, वापरत असावेत. आधी ती मागून घ्या. एपीत वाटणी अशी असते : थीसिसला (म्हणजे निबंधाच्या मुख्य दाव्याला) १, काळाच्या संदर्भाला १, पुराव्याला ३, विश्लेषणाला २. तुमच्या लेकीचे गुण पुराव्यात आणि विश्लेषणात जात असणार. तीन डॉक्युमेंटांत काय लिहिलंय हे बरोबर सांगितलं तर एकच गुण. निदान चार डॉक्युमेंटं आपल्या मुद्द्यासाठी वापरली तर दोन. तिसरा गुण दिलेल्या कागदांबाहेरच्या, नाव घेऊन सांगितलेल्या पुराव्याला.

थीसिसपासून सुरुवात करू. प्रश्न समजा असा आहे : न्यू डीलमुळे, म्हणजे रूझवेल्टच्या १९३०च्या दशकातल्या महामंदीवरच्या योजनांमुळे, संघराज्य सरकारची भूमिका कितपत बदलली? ‘न्यू डीलमुळे खूप मोठे बदल झाले’ याला गुण नाही, कारण यावर कुणी वादच घालणार नाही. आता हे बघा : ‘न्यू डीलने बँकेतल्या ठेवी, म्हातारपण आणि कामगारांचा संघटनेचा हक्क यांची हमी वॉशिंग्टनकडे आणली. पण सोशल सिक्युरिटी आणि वॅग्नर हे १९३५चे दोन्ही कायदे शेतमजूर आणि घरकामगारांना लागू नव्हते, त्यामुळे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कामगारांपर्यंत हा बदल फार कमी पोचला.’ यात दावा आहे, मर्यादा आहे आणि पुढच्या दोन परिच्छेदांचे विषयही आलेच.

परिच्छेदाची सुरुवात ‘डॉक्युमेंट ३मध्ये असं म्हटलंय’ अशी करायचीच नाही. पहिलं वाक्य स्वतःच्या मुद्द्याचं, डॉक्युमेंट त्याच्या आधाराला. हा एक नियम पाळला तरी समरीची सवय बरीचशी सुटते.

विश्लेषणातला एक गुण सोर्सिंगचा आहे. कागद कुणी लिहिला, कुणासाठी, कशासाठी, कोणत्या परिस्थितीत, यातलं काहीतरी निदान दोन डॉक्युमेंटांबाबत सांगायचं, आणि त्याने मुद्द्यात काय फरक पडतो तेही. ‘लेखक सरकारी माणूस आहे म्हणून बायस्ड आहे’ याला काही मिळत नाही. शीतयुद्धाचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी १९४६मध्ये अमेरिकी मुत्सद्दी केननने मॉस्कोच्या वकिलातीतून पाठवलेली लांबलचक तार गोपनीय होती, परराष्ट्र खात्यासाठी. १२ मार्च १९४७चं अध्यक्ष ट्रूमनचं भाषण मात्र अमेरिकी काँग्रेससमोरचं, आणि तेव्हा दोन्ही सभागृहांत बहुमत रिपब्लिकनांचं, म्हणजे विरोधी पक्षाचं होतं. ट्रूमनला ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर मंजूर करून घ्यायचे होते. म्हणून दोन देशांच्या मदतीचा प्रश्न त्यांनी साऱ्या जगातल्या दोन जीवनपद्धतींच्या संघर्षाच्या भाषेत मांडला. एवढं लिहून पुढे जोडायचं, ‘त्यामुळे हे भाषण धोका किती होता यापेक्षा तो देशात कसा मांडला गेला याचा जास्त भक्कम पुरावा आहे.’ शेवटचं हे वाक्य नसेल तर गुण जातो.

कारणमीमांसक :
वरच्याशी सहमत. तारखा पाठ असणं वाया जात नाही, पण त्या साखळीत लावल्या पाहिजेत. बहुतेक मुलं लिहितात, ‘१९५४च्या ब्राउन निकालाने शाळांतलं वर्णावरचं विभाजन संपलं.’ नाही संपलं. १९५५च्या दुसऱ्या निकालात कोर्टाने ठाम मुदत दिली नाही, १९५६मध्ये दक्षिणेतल्या शंभरएक खासदारांनी विरोधाचा जाहीरनामा काढला, १९५७मध्ये लिटल रॉकला नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत पोचवायला अध्यक्ष आयझेनहॉवरना सैन्य पाठवावं लागलं. निकाल आणि अंमलबजावणी यांमधलं हे अंतर, तेच उत्तराचं खरं मांस.

तशीच दुसरी चूक महामंदीची. १९२९ची शेअर बाजाराची पडझड हे एकमेव कारण लिहून मुलं मोकळी होतात. बँकांची दिवाळखोरी, फेडरल रिझर्व्हने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने) आटू दिलेला पैसा, १९३०चं स्मूट-हॉली आयातशुल्क, शेतमालाचे आधीच पडलेले भाव, हे सगळं यायला हवं. आणि १९६४चा नागरी हक्क कायदा व १९६५चा मतदान हक्क कायदा एकत्र करू नका. पहिला मुख्यतः सार्वजनिक जागा आणि नोकऱ्यांतल्या भेदभावाविरुद्ध, दुसरा साक्षरता चाचण्यांसारख्या अडथळ्यांविरुद्ध.

शब्दवेल :
थीसिसचा फरक आता नीट कळला. पण एपीत ६० मिनिटं असतात ना? हिचा तास ४५चाच. शेवटचा परिच्छेद नेहमी अर्धवट राहतो.

कारणमीमांसक :
मग कागद उघडण्याआधीची तीन मिनिटं महत्त्वाची. प्रश्नातली सालं अधोरेखित करायची आणि त्या काळाबद्दल जे आठवतं ते समासात लिहायचं. संदर्भ आणि बाहेरचा पुरावा यातूनच निघतो, नंतर कागदांच्या गर्दीत तो सुचत नाही. मग नऊ मिनिटं वाचन, प्रत्येक कागदाशेजारी पाच-सहा शब्द आणि तो दाव्याच्या बाजूचा की विरुद्ध अशी खूण. तीन मिनिटं आराखडा, उरलेली तीस लेखन. लांब अवतरणं उतरवू नयेत, सगळा वेळ तिथेच जातो.

पाऊलखुणा :
रिसर्च पेपरबद्दल. ‘अमेरिकेतले स्थलांतरित’ हा विषय दहा पानांत मावत नाही. प्रश्न असा हवा की एका मूळ कागदापासून सुरुवात करता येईल. तुमच्या मुलीला जवळचा वाटेल असा एक सुचवतो : १९२३चा भगतसिंग थिंड खटला.

तेव्हा अर्ज करून अमेरिकी नागरिकत्व मिळवायला ‘गोरा’ किंवा आफ्रिकी वंशाचा असणं लागे. नोव्हेंबर १९२२मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जपानी अर्जदार ओझावांना नागरिकत्व नाकारलं. कारण दिलं की ‘गोरा’ म्हणजे कॉकेशियन. जेमतेम तीन महिन्यांत भारतातून आलेले शीख अर्जदार थिंड पुढे आले. त्या वेळच्या वंशशास्त्राप्रमाणे ते कॉकेशियन ठरत होते. तेव्हा त्याच न्यायालयाने म्हटलं की वंशशास्त्र नव्हे, सामान्य माणूस गोरा कुणाला समजतो ते महत्त्वाचं. दोन्ही निकाल न्यायमूर्ती सदरलँड यांनीच लिहिलेले. दोन्ही लहान आहेत, अकरावीची मुलगी सहज वाचू शकते. शेजारीशेजारी ठेवून वाचले की प्रश्न आपोआप उभा राहतो : न्यायालयाने कसोटी का बदलली?

परिणामांचा धागाही हाताशी आहे. १९१३च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने नागरिकत्वाला अपात्र परदेशीयांना शेतजमीन विकत घेता येत नव्हती, म्हणजे थिंड निकालाने जमिनीचाही प्रश्न आला. मिळालेलं नागरिकत्व काही भारतीयांकडून काढून घेतलं गेलं. १९४६च्या कायद्याने नागरिकत्वाचा मार्ग उघडला, पण भारतासाठी वार्षिक कोटा फक्त १००. १९६५च्या स्थलांतर कायद्यापर्यंत ओढायचा मोह होईल, तो उपसंहारापुरता ठेवा, नाहीतर पेपर पसरतो.

जुनी वर्तमानपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. तिथे ‘इंडियन’ शोधलं तर मूळ अमेरिकी जमातींच्या बातम्यांचा ढीग येतो. त्या काळी शिखांसकट सगळ्या भारतीयांना ‘हिंदू’च लिहीत, आणि त्याचं स्पेलिंग शेवटी दोन ओ लावूनही करत. दोन्ही स्पेलिंगं घालून १९०७ ते १९२४ एवढीच वर्षं निवडली तर कामाचं सापडेल.