मदत हवी आहे: कुर्त्याच्या पाठीत कमरेवर झोल येतोय, पाठ कमी करू की हिप वाढवू?

नमस्कार मंडळी, आधीच सांगते पोस्ट लांब होणारे. फोटो चार वेळा टाकून बघितला, चढतच नाहीये, त्यामुळे शब्दांतच सांगते.

मी शिवण कुठे शिकलेली नाही. लॉकडाउनमध्ये आईचं पायाचं मशीन माळ्यावरून काढलं, मोटर बसवून घेतली आणि अभ्रे, नाइट पँट करत करत आता कुर्त्यावर आलेय. पॅटर्न विकतचा, परदेशी, डाउनलोड करून घरी प्रिंट काढून कागद चिकटवत बसले होते (प्रिंट खऱ्या मापात आलीये का ते बघायचा टेस्ट चौकोन मोजलाय, बरोबर होता, त्यामुळे ते विचारू नका प्लीज). स्ट्रेट कट, बाजूला स्लिट, पाठ घडीवर कापायची म्हणजे मागे मधोमध शिवण नाही, टक्सही (फिटिंगसाठी कापड चिमटीत घेऊन घातलेल्या निमुळत्या शिवणी) नाहीत.

माझी उंची 5 फूट 1 इंच, छाती 36, कंबर 31, हिप 42. साइज छातीवरून घेतला. कागदावर हिपला तयार माप 43 येतं, म्हटलं इंचभर लूज आहे, चालेल.

नाही चाललं. मागे कमरेच्या वर दोन आडव्या घड्या पडतात, हात मागे नेला की झोल चक्क मुठीत येतो. खाली ओढला की दोन मिनिटं बरा, मग प्लॅटफॉर्मचा जिना चढेपर्यंत परत वर. आणि स्लिट समोरून पडद्यासारखे फाकतात. नेटवर वाचलं की पाठ कमरेत खोल असली की असं होतं, मग मागच्या पीसवर मध्यावर 2 सेंटीमीटर आणि बाजूला शून्य अशी पाचर काढली आणि दुसरा कुर्ता शिवला. झोल थोडा कमी झाला पण गेला नाही, उलट मागचा घेर (कुर्त्याची खालची कड) पुढच्यापेक्षा इंचभर वर दिसायला लागला. कापड वाया.

त्यात आईलाही तोच पॅटर्न मोठ्या साइजमध्ये शिवून दिला. तिची पाठ वर खांद्यापाशी गोल झालीये, तर तिचा कुर्ता मागे सरकतो आणि गळा पुढून घशाला लागतो, दर पाच मिनिटांनी गळा खाली ओढत असते. बोलत काही नाही बिचारी, पण दिसतं ना.

स्टेशनजवळच्या टेलरला दाखवला तर म्हणाला मॅडम बॉडीच अशी आहे, ढगळ शिवा. मला ढगळ नकोय हो! आधी काय दुरुस्त करू?

(आलेली उत्तरं, आधी सदस्याचं नाव)

मांजरपाट: पहिली गोष्ट, चांगल्या कापडावर ट्रायल घेणं बंद करा. मंगलदास मार्केटला जाल तेव्हा मांजरपाट (साधं स्वस्त सुती कापड) घेऊन ठेवा, नाहीतर जुनी चादर आहेच. बाही नको, गळपट्टी नको, नुसती पाठ आणि पुढा मोठ्या टाक्यांनी जोडायचा. शिवणीला कडेला दीड इंच दाब सोडा म्हणजे उसवून वाढवता येतं.

दुसरं म्हणजे उंची. बुर्डाचे (पॅटर्न काढणारी जर्मन कंपनी) नेहमीचे साइज 168 सेंटीमीटर उंचीवर काढलेले असतात, तुमचा पॅटर्न कुठलाही असला तरी तसाच काहीतरी असणार. तुम्ही 155. म्हणजे कागदावरची कंबर तुमच्या कमरेच्या खाली येते, आणि कुर्त्याचा अरुंद भाग जाऊन बसतो सीटच्या (नितंबांच्या) चढावर. तिथून तो वर चढणारच. कमरेला नाडी बांधा, मानेच्या खालच्या हाडापासून नाडीपर्यंत कुणाकडून तरी मोजून घ्या (स्वतः मोजू नका, हात वर गेला की माप बदलतं) आणि कागदावर तेच अंतर बघा. फरक आला तर मुंढा (बाही जोडतात तो गोल) आणि कंबर यांच्या मध्ये आडवी घडी घालून तेवढा कागद कमी करायचा, पुढूनही आणि मागूनही, सगळीकडे सारखा. तुम्ही काढलेली पाचर ही वेगळी गोष्ट आहे, ती फक्त मागच्या मध्यासाठी.

ए लाइन भक्त: मी तर म्हणते स्ट्रेट कट सोडूनच द्या, ए लाइन (खाली रुंद होत जाणारा) शिवा, सगळं झाकलं जातं. हिप 44 वाली.

परळची मावशी: झाकायचं कशाला गं, तिने फिटिंग विचारलंय.

हे बघ बाळा, पंचवीस वर्षं ब्लाउज आणि ड्रेस शिवतेय, कमरेवर झोल दिसला की सगळे पाठीला दोष देतात. निम्म्या वेळा दोष हिपचा असतो. हिपला घट्ट झालं की कापड तिथे अडकतं, खाली उतरत नाही, मग वरचं कापड जाणार कुठे? कमरेच्या खोलगट जागेत साचतं. तू मागची लांबी काढलीस म्हणून तर घेर वर गेला, सीटवरून जायला मुळात लांबी जास्त लागते आणि तू तीच कापलीस.

पहिला कुर्ता आहे ना अजून? त्याच्या दोन्ही बाजूच्या शिवणी कमरेपासून स्लिटपर्यंत उसव. घालून आरशापुढे सरळ उभी रहा, खाली ओढू नकोस, हात नुसते सोड. झोल आपोआप उतरला तर हिप. तसाच राहिला तर खरंच खोल पाठ. थोडा उतरला थोडा राहिला तर दोन्ही आहे, घाबरू नको, बऱ्याच जणींना दोन्ही असतं. उसवलेल्या जागी किती फाकलंय ते मोज, तेवढं कमी पडतंय. वर बसण्यासाठी लूज हवंच. सुती कुर्त्याला हिपला मी तीन इंच तरी ठेवते, तू एकावर भागवलंस. खुर्चीत बसून हिप मोजून बघ, कळेल का ते.

आणि वाढवताना पुढे-मागे सारखं वाटू नकोस. बाजूने आरशात बघ. सीट मागे असेल तर मागच्या पीसला जास्त दे, नाहीतर बाजूची शिवण मागे पळते. मांड्यांकडे रुंद असशील तर दोन्हीकडे सारखं. बेचाळीस हिप दोघींचा असतो, पण एकीचा मागे आणि एकीचा बाजूला, टेप काय सांगणार.

स्लिट कुठून सुरू होतो तेही मोज. सगळ्यात रुंद जागेच्या वर सुरू झाला तर फाकणारच.

कच्चा टाका: मावशींना +1. आईसाठी लिहिते, माझ्या सासूबाईंचं सेम आहे. गोल पाठीवरून जायला वरच्या बाजूला जास्त लांबी लागते, ती नसली की कुर्ता मागे ओढला जातो आणि पुढून गळा वर येतो. गळा खोल करणे हा उपाय नाही, मी करून बसलेय, मग वाकलं की पंचाईत. पाठीच्या कागदावर गळ्याखाली साधारण चार इंचावर मध्यापासून मुंढ्यापर्यंत आडवं काप, मुंढ्यापाशी कागद तुटू देऊ नको, आणि मध्यावर एक ते दीड सेंटीमीटर उघड. मागून कागद चिकटव. आता मधली रेघ वाकडी होते, ती सरळ केली की गळा मोठा होतो, तेवढं गळ्याला दोन छोट्या टक्समध्ये घे. टक्स नको असतील तर पाठीला योक (खांद्यालगतचा वेगळा आडवा तुकडा) दे, उघडलेली लांबी योकच्या शिवणीत बसते आणि खालच्या पीसला चार चुण्या घातल्या की डिझाइन वाटतं. मी हे योकवालंच करते.

धागाकर्ती (मूळ प्रश्न विचारणारी): सगळ्यांना खूप खूप थँक्यू!! काल रात्री साडेअकराला उसवत बसले होते, नवरा म्हणाला शिवतेस कमी उसवतेस जास्त.

तर मानेपासून कंबर माझी पावणेपंधरा, कागदावर सोळा. म्हणजे सव्वा इंच तिथेच. शिवणी उसवल्यावर कुर्ता सरसर खाली आला, दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा इंच फाकला. झोल जवळजवळ गेला, एक बारीकशी घडी राहिली. बसून हिप मोजला तर पावणेचव्वेचाळीस, माझा विश्वासच बसेना, दोनदा मोजला. स्लिट कमरेखाली साडेसात इंचावर सुरू होतो आणि मी सगळ्यात रुंद साडेनऊवर आहे. म्हणजे पाठ बिचारी उगाच बदनाम झाली.

चादरीवर परत केला. आधी सव्वा इंच सगळीकडून आडवं कमी, मग हिपला एकूण अडीच वाढवले, त्यातले जास्त मागे, स्लिट दहा इंचावर. आता मागचा घेर पुढच्याशी जुळतोय. आईचा योकवाला कापून ठेवलाय, तिने खिसा पण मागितलाय.

एकच उरलं. ती बारीक घडी घालवायला मागे मधोमध शिवण देऊ का? कापड उभ्या रेघांचं आहे.

परळची मावशी: रेघांना मधोमध शिवण नको, खोल पाठीला ती शिवण वाकडी कापावी लागते, मग रेघा कमरेपाशी एकमेकींत घुसतात आणि लांबून दिसतात. पाठीला दोन उभे टक्स घे, मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळते, कमरेवर अर्धा-अर्धा इंच. आधी कच्चे घाल, घालून बघ, मग मशीन मार. आणि आईचा खिसा उजवीकडे देऊ नकोस नुसता, विचार तिला मोबाइल कुठल्या हाताने काढते.