मुलीचं नाव 'यमुना', मधलं नाव आईचं. तुम्हाला काय वाटतं?

ओसरी: रविवारी लेकीचं बारसं आहे. आत्या कानात कुर्रर्र करून कोणतं नाव सांगणार, ते अजून ठरत नाही. मला 'यमुना' हवंय, माझ्या आजीचं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने 'सुशीला' लिहिलं गेलं आणि यमुना संपली. आजी गेल्यावर ट्रंकेत शाळेचा दाखला सापडला, तेव्हा आम्हाला कळलं. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे, दोघीही माहेरच्या यमुनाच. मधलं नाव माझं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात बाळ, आई, वडील, आडनाव असा क्रम आलाच आहे. सासरी दोन्हींना विरोध आहे. सासूबाई म्हणतात, यमाच्या बहिणीचं नाव नको.

रानजाई: भाऊबीजेला यमद्वितीया म्हणतात ती तिच्याचमुळे. ठेवा.

पायवाट: माझं विरोधी मत. माझं नाव पणजीचं होतं, भागीरथी. हजेरीला मागच्या बाकावरून हसणं ऐकू यायचं, दहावीपर्यंत. अठरा पूर्ण झाल्यावर राजपत्रात नाव बदललं. पणजीवर माझी माया होती, अजूनही आहे, पण तिची आठवण रोज मला वागवावी लागत होती. जुनं म्हणजे चांगलंच असंही नाही. 'नकुशी' हेही जुनंच नाव. २०११ साली साताऱ्यात पावणेतीनशेहून जास्त मुलींची ती नावं बदलावी लागली.

रानजाई: नकुशी आणि यमुना एका पंगतीत कशा बसतील? एक नको असलेली, दुसरी नदी. इरावती कर्वे १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या, तिथल्या नदीवरून नाव मिळालं. आज 'इरावती' कुणाला जुनाट वाटतं?

तुळशीकट्टा: पहिल्या नावाला माझी हरकत नाही, मधल्याला आहे. कागदावर दोघांचीही नावं राहणार, मग शाळेत, पत्रिकेत, हाक मारताना बाबाचं का गाळायचं? मुलगी दोघांची आहे. आणि चारही नावं लिहायची तर सगळीकडे एकाच क्रमाने लिहा. माझ्या मुलाच्या एका कागदावर मधलं नाव आहे, दुसऱ्यावर नाही. प्रत्येक वेळी प्रतिज्ञापत्र करावं लागतं. नावाचं म्हणाल तर रविवारची घाई कशाला? जन्माची नोंद २१ दिवसांत नावाशिवायही होते आणि नाव वर्षभरात विनाशुल्क भरता येतं.

ओसरी: तुळशीकट्टा, क्रमाचं पटलं. बाबाचं नाव गाळणार नाही, पण माझं आधीच येईल. पायवाट, तुमचं नवऱ्याला वाचून दाखवलं, तो गप्प झाला. पण तुमचं नाव तुम्ही स्वतः बदललंत. आजीला कुणी विचारलंही नव्हतं.

पायवाट: खरंय. पण तुमच्या लेकीलाही आत्ता कुणी विचारत नाहीये. अठरा वर्षं त्या बाकावर तीच बसणार आहे. निदान घरात हाक मारायला दुसरं एखादं हलकं नाव ठेवा, शाळेत तिला ते सांगता येईल.