माचू पिच्चूआधी कुस्कोत किती दिवस थांबावे?

घाटवाट : येत्या मे महिन्यात मी ६८ वर्षांच्या वडिलांसह पेरूला जाणार आहे. राजगड ते आजही चढतात, पण कळसूबाईच्या १६४६ मीटरपेक्षा अधिक उंचीवर ते कधीच गेलेले नाहीत. म्हणून सुमारे ३४०० मीटरवरील कुस्कोत चार दिवस राहून, विरळ हवेची सवय झाल्यावरच माचू पिच्चू या इंका लोकांच्या जुन्या डोंगरी नगरीत जावे, असा बेत आहे. तो योग्य ठरेल का?

पायपीट : मला हा क्रम उलटा वाटतो. माचू पिच्चू सुमारे २४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा जवळजवळ एक हजार मीटर खाली आहे. छायाचित्रांतल्या ढगांमुळे आपली फसगत होते, इतकेच. कुस्कोत विमानातून उतरल्यावर थेट उरुबांबा नदीच्या खोऱ्यात जा, सुमारे २८०० मीटरवरच्या ओयान्तायताम्बोत दोन-तीन रात्री काढा, तेथूनच रेल्वेने पुढे जा आणि कुस्को परतीच्या वाटेवर ठेवा. ओयान्तायताम्बो हा केवळ मुक्काम नव्हे : इंकांनी आखलेल्या गल्ल्यांत आजही लोक राहतात आणि दगडी पाटांतून पाणी वाहते. गड चढण्याच्या सवयीने विरळ हवेचा त्रास टळत नाही, तेव्हा औषधांविषयी डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे. कोकाच्या पानांचा चहा तेथे सर्रास मिळतो. ती पाने मात्र भारतात आणू नयेत, कारण आपल्याकडे त्यांवर कायद्याने बंदी आहे.

तिकीटघर : प्रवेशाची वेळ आणि आतील मार्ग तिकिटावरच ठरलेले असतात, त्यामुळे मार्ग निवडूनच तिकीट काढावे आणि पासपोर्ट जवळ ठेवावा. माचू पिच्चूला पायी नेणाऱ्या चार दिवसांच्या इंका पायवाटेवर ४२०० मीटरची खिंड लागते. वडिलांसह तो विचार सोडून द्यावा.

टाकीवाला : मी स्थापत्य अभियंता असल्याने माचू पिच्चूत माझे लक्ष पाण्याकडेच गेले. सुमारे ७५० मीटर लांबीच्या पाटाने झऱ्याचे पाणी आणून ते १६ कुंडांतून एकाखाली एक खेळवले आहे, आणि पावसाचे पाणी मुरावे म्हणून मातीखाली खडी व दगडांचे थर दिले आहेत. पंधराव्या शतकातले हे डोंगरउतारावरचे बांधकाम अजून टिकले, त्याचे बरेचसे श्रेय या न दिसणाऱ्या थरांना आहे. आपल्या गडांवरची टाकी पाणी साठवतात. येथे सारी खटपट ते वाहते ठेवण्याची आहे. वडिलांना कुंडांच्या पायऱ्यांपाशी अवश्य न्यावे.

घाटवाट : आभारी आहे. कुस्को शेवटी ठेवतो आणि कुंडांजवळून जाणारा मार्ग पाहूनच तिकीट काढतो.