पेनने ४०वा स्ट्रीट 'वसवला' म्हणे!

वेस्टफिलीकर
कालच्या धाग्यावर पुणेरी_प्लॅनर यांनी लिहिलं की पेन (पेनसिल्व्हेनिया) विद्यापीठाने अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात कॅम्पसबाहेर खाली दुकानं, वर विद्यार्थ्यांची घरं अशा इमारती उभ्या केल्या आणि 'उजाड वस्ती' वसवली. आपल्याकडच्या विद्यापीठांनीही हेच करावं. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण 'उजाड' वाचून डोकं फिरलं.

उजाड केली कोणी? साठच्या दशकात पेन, शेजारचं ड्रेक्सेल विद्यापीठ वगैरे मंडळींनी पालिकेला हाताशी धरून सायन्स सेंटर या संशोधन संकुलासाठी ब्लॅक बॉटम ही काळ्या लोकांची भरलेली वस्ती साफ केली. हजारो माणसं उठवली. तीस-चाळीस वर्षांनी त्याच भागात सुपरमार्केट आणलं की लगेच तारणहार?

पुणेरी_प्लॅनर
साठच्या दशकाचं पाप नव्वदच्या माथी का मारता? १९९६ मध्ये पेनच्या एका संशोधकाचा भोसकून खून झाला, पालक हादरले. विद्यापीठाच्या तेव्हाच्या अध्यक्ष ज्युडिथ रॉडिन यांना कॅम्पसभोवती भिंत घालता आली असती. त्यांनी उलट रस्त्याकडे तोंड केलं. १९९८ ला पुस्तकांचं दुकान, १९९९ ला हॉटेल, २००१ ला ४०व्या आणि वॉलनट स्ट्रीटच्या नाक्यावर फ्रेश ग्रोसर हे सुपरमार्केट. २००८ ची रॅडियन ही विद्यार्थ्यांच्या घरांची इमारत तर जमीन पेनची, बांधकाम खासगी विकासकाचं. हात न पोळता काम झालं.

लॅबमधली_उंदीर
मी तिथे राहून शिकले आहे, पुस्तकात वाचून बोलत नाही. रात्री दोनला प्रयोग संपायचा तेव्हा फ्रेश ग्रोसर उघडं असायचं. दूध, ब्रेड, कोथिंबिरीची अर्धी सुकलेली जुडी. दुकानाचा उजेड फुटपाथवर पडायचा, त्यातून घरी जाताना भीती वाटायची नाही. तुमच्या इतिहासाबद्दल आदर आहे, पण हेही खरंच आहे.

खाऊगल्ली
सगळे सुपरमार्केटचं कौतुक करताय, रस्त्यावर जेवण विकणाऱ्या लंच ट्रकचं काय? १९९८ मध्येच पेनने पालिकेकडून नियम करवून घेतले आणि ट्रकवाल्यांना ठरावीक जागांत कोंबलं. ज्यांच्या जिवावर पोरं स्वस्तात जेवायची तेच आता 'रस्त्याची शोभा घालवतात'! विद्यापीठाला भाडं देणारा दुकानदार हवा, रस्त्यावरचा नको. एवढं साधं गणित आहे.

पुणेरी_प्लॅनर
जागा आखून दिल्या म्हणजे हाकललं नव्हे. ट्रक उभे करायला वीज-पाण्याची सोय असलेले प्लाझा पेननेच बांधून दिले.

खाऊगल्ली
अहो, कोपऱ्यावरचा गाडा आत गल्लीत नेऊन ठेवा आणि मग गल्ला मोजा! माझ्या काकांची वडापावची गाडी 'सुशोभीकरणात' स्टँडवरून मागच्या बोळात गेली. सहा महिन्यांत बंद. पाण्याचा नळ होता हो तिथे, अगदी दारात.

लॅबमधली_उंदीर
काकांचं वाईट वाटलं, पण पेनभोवती ट्रक आजही रांगेने उभे असतात. दरवेळी टपरी आणलीच पाहिजे का?

खाऊगल्ली
हो, आणलीच पाहिजे. ज्यांनी कधी टपरीवर उधारी ठेवली नाही त्यांनाच ती नकोशी होते.

करदाता_नंबर_एक
ट्रक सोडा. पेन शैक्षणिक इमारतींवर मालमत्ता कर भरत नाही. भरतो कोण? आम्ही. २०२० मध्ये शाळांतलं शिसं आणि ॲस्बेस्टॉस काढायला दहा वर्षांत दहा कोटी डॉलर देऊ म्हणाले, ते दान म्हणून! आणि पेनच्या मदतीने उभ्या राहिलेल्या पेन अलेक्झांडर शाळेमुळे आसपासची घरं इतकी महागली की विचारू नका. एकदा तर बालवाडीच्या प्रवेशासाठी आईबाप जानेवारीच्या थंडीत फुटपाथवर झोपले.

पुणेरी_प्लॅनर
म्हणजे सरकारी शाळा चांगली काढली हाही गुन्हाच!

वेस्टफिलीकर
गुन्हा नाही. पण ती रांग लावणारे कोण आणि भाडं परवडेना म्हणून निघून गेलेले कोण, तेवढं बघा. आणि फ्रेश ग्रोसरवर एवढं प्रेम, तर ते आज कुठे आहे? पेनने भाडेकरू बदलला, वाद कोर्टात गेला, आता तिथे ॲक्मी हे दुसरं सुपरमार्केट आहे. घरमालक एकच असला की असंच होणार.

लॅबमधली_उंदीर
ठीक आहे, घरमालकाचा मुद्दा दिला तुम्हाला. ॲक्मीत कोथिंबीर ताजी मिळते असं ऐकलंय, तेवढं मला ठेवू द्या.

पुणेरी_प्लॅनर
मान्य, मान्य. पेन खलनायक, ट्रकवाले संत. आता पुण्यात कॉट बेसिसवर एका खोलीत पाच जण झोपतात, त्यांनी कुठे जायचं ते सांगा. की त्यांनाही ब्लॅक बॉटमचा इतिहास पाठवू?

खाऊगल्ली
पाठवा. आणि खोलीखाली कोणाला दुकान देणार, ते आधी लिहून द्या.